चीर आधी, खीर नंतर

इंदिरानगर, नाशिक
१५ जानेवारी २०२६

प्रिय रेणू,

सप्रेम नमस्कार.

काल संक्रांत झाली. तुमच्या येवल्यात पतंगांच्या गर्दीत आभाळ दिसलं नसेल. सगळं गाव गच्चीवर आणि तू खाली खानावळीत गुळाच्या पोळ्या लाटत बसली असशील, असं मी आपलं धरून चालले आहे. इथे थंडी चांगलीच आहे. सकाळी नळाच्या पाण्याला हात लावला की हात आपला की शेजारणीचा ते कळत नाही. बाकी सर्व ठीक. माझा देवव्रत सातपूरच्या कारखान्यात, सून बँकेत, नात स्वरदा दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आणि नातू गौरांग पाचवीत. आई माझ्याकडेच असते.

मी मात्र आठवडाभर मौनात आहे. काल जो तो दारात येऊन "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणत होता आणि मी नुसती मान हलवून वाटी पुढे करत होते. शेजारच्या पाटणकरवहिनींना वाटलं, मी काही व्रत धरलंय. व्रत कसलं! तोंडाचे दोन्ही कोपरे फाटलेत. जांभई आली तर दोन्ही हातांनी गाल धरावे लागतात, घास बारीक करून चोरासारखा आत सरकवावा लागतो आणि हसायची तर पूर्ण बंदी. बोलणं बंद झालं की माणूस लिहायला बसतं. अठ्ठावन्न वर्षांत तुला मी लग्नाच्या नि मुंजीच्या पत्रिकांशिवाय काही पाठवलं नाही, आणि आज कोरे कागद घेऊन बसले आहे.

"पत्रास कारण की" असं वर लिहिलं होतं, ते खोडलं. कारण आहे, पण ते एका ओळीत मावणारं नाही. आधी जे विचारायचं ते विचारून टाकते. रेणू, तू एकदा आमच्या घरी येशील का? आईला भेटायला? तिला एक्याण्णव पूर्ण झाली. कानांनी फार कमी ऐकू येतं, बुद्धी मात्र माझ्यापेक्षा शाबूत. पण दिवाळीपासून तिचं अन्न तुटत चाललंय. डॉक्टर तोंडाने काही सांगत नाहीत, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवतात, त्यावरून मी काय ते समजते. ती आहे तोवर तू एकदा यावंस आणि आमच्याकडे जेवून जावंस, एवढंच मला हवं आहे.

जेवून, हा शब्द मुद्दाम लिहिला. माझ्या लग्नाला तू आलीस, अक्षता टाकल्यास, आणि पानं मांडायला घेतली तेव्हा म्हणालीस, "आज माझी एकादशी आहे." अगं, मी पंचांगवाल्यांच्या घरातली मुलगी. त्या दिवशी द्वादशी होती. देवव्रतच्या मुंजीत तुझं पोट बिघडलेलं होतं, बाबांच्या तेराव्याला तुला येवल्याची शेवटची गाडी गाठायची होती, दुपारी बारा वाजता. आमच्या घरातलं पाणीसुद्धा तू प्यायली नाहीस. मी प्रत्येक वेळी पाहिलं आणि प्रत्येक वेळी "बरं हं, जपून जा" म्हटलं.

तर तोंडाचं सांगत होते. लोणी लावून झालं, साजूक तूप झालं, कोरफड झाली, मध झाला. जीभ जाते आणि सगळं चाटून येते. शेवटी स्वरदाने मला खिडकीपाशी उजेडात बसवलं. म्हणाली, "आजी, आ कर." मी म्हटलं, आ करता येत असता तर तुझ्यापुढे कशाला बसले असते? तिने माझी कवळी हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"ही किती वर्षांची?"

"तू सहावीत होतीस तेव्हाची."

"झिजलीय, आजी. वरचे-खालचे दात झिजले की तोंड हवं त्यापेक्षा जास्त मिटतं. मग कोपऱ्यात घडी पडते, घडीत लाळ साठते आणि सतत ओलं राहिलं की तिथे बुरशी धरते. वर तू जीभ फिरवतेस. नवी कवळी करू. आणि उद्या रक्त देऊन ये. लोह, बी बारा, साखर, सगळं बघायला हवं."

"एवढ्याशा चिरेला एवढी कारणं?"

"चीर ओठावर असते. कारण ओठावर असेलच असं नाही." पोरगी एकवीस वर्षांची आहे, पण बोलते अशी की वाटतं, हिचीच फी भरायला आपण उगाच कुरकुरलो.

मग तिने वही काढली. मी तिची पहिली रोगी ना! "पूर्वी कधी झालं होतं? लहानपणी?"

मी म्हटलं, "मला नाही. रेणूला झालं होतं."

तिथेच गौरांग अभ्यास करत होता. तो ओरडला, "म्हणजे रेणूतोंडातली रेणू खरी आहे?"

आता हे तुला सांगायलाच हवं, रेणू, सांगताना कितीही लाज वाटली तरी. आमच्या घरात तोंडाचा कोपरा फाटला की त्याला रेणूतोंड म्हणतात. "रेणूतोंड झालं की तुझं! काय चोरून खाल्लंस?" असं हसत हसत म्हणायचं. आईने देवव्रतला म्हटलं, देवव्रतने त्याच्या मुलांना. गौरांगला वाटत होतं, विज्ञानाच्या पुस्तकात अणू-रेणू असतात त्यातलाच हा कुठला तरी. ती मुलगी होती आणि येवल्याला अजून आहे, हे ऐकून त्याने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "तिला माहितीये, आपण असं म्हणतो ते?"

तोंड दुखतंय अशी खूण करून मी आत गेले.

तू आमच्याकडे आलीस ते वर्ष मला लख्ख आठवतं. आत्या, म्हणजे तुझी आई, गेली, त्याच्या पुढच्या जूनमध्ये बाबा तुला येवल्याहून एसटीने घेऊन आले, नाशिकच्या शाळेत घालायला. पत्र्याची पेटी, तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या आणि पायात चपला नाहीत, कारण त्या तू पिशवीत जपून ठेवल्या होत्यास. माझ्याहून एका वर्षाने मोठी, पण माझ्या खांद्याला लागायचीस. सकाळी आपण दोघी रामकुंडावर भांडी घासायला जायचो. तू घासता घासता पाढे म्हणायचीस आणि मी ओढत ओढत तुझ्या मागून. एकोणिसाचा पाढा मला आजही येतो तो तुझ्यामुळे. थंडीत कुंडाच्या पाण्यावर वाफ धरायची, तिच्यात तू हात घालायचीस आणि म्हणायचीस, "उत्तरे, बघ, नदी चहा करतेय." पंचवटीतलं ते घर आता नाही, तिथे यात्रेकरूंचा लॉज आहे. पण मी कधी त्या बाजूला गेले तर आधी घाटाच्या त्या पायरीशी जाते, मग देवळात.

आणि बाबांची बाडं! कुठल्या गावचे यजमान कधी आले, कोणाचं श्राद्ध केलं, मुलांची नातवांची नावं, सात पिढ्यांचं सगळं त्यांत बांधलेलं. बाबा ओसरीवरून नुसतं "बऱ्हाणपूर!" म्हणायचे आणि तू माळ्यावरून नेमकं बाड काढून, नेमकं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवायचीस. मी त्या घरात जन्मलेली, मला एक सापडायचं नाही. बाबा लोकांना सांगायचे, "माझी भाची. ही मुलगा असती तर गादी हिची." वर्गात तुझा पहिला नंबर आणि माझा तेविसावा. मला त्याचं वाईट वाटायचं का? तेव्हा नाही वाटायचं. तू माझी होतीस ना, म्हणून तुझा नंबरही मला माझाच वाटे.

मग मला विषमज्वर झाला. त्याच्या आधी आईची दोन मुलं गेलेली, उरले मी एकटी. डॉक्टरांनी सांगितलं, हिला दूध द्या. घरात दूध यायचं एक शेर, त्यात यजमानांचा चहा, बाबांचं विरजण. तुझा पेला बंद झाला आणि माझे दोन झाले. बाबांनी विचारलं तर तू म्हणालीस, "मामा, मला दूध आवडतच नाही." मी ते खरं मानलं. कोजागरीचं उरलेलं आटीव दूध दुसऱ्या दिवशी सकाळी तू पेल्यात बोट फिरवून फिरवून चाटलेलं मी पाहिलं होतं, तरी खरं मानलं. आपल्याकडे आधी यजमान जेवायचे, मग पुरुष, मग मी, कारण मी आजारातून उठलेली. आई आणि तू शेवटी. भात आणि ताकाचं पाणी. आईच्याही ओठांचे कोपरे तेव्हा फाटलेलेच असत गं, ती तुपाचं बोट लावायची. पण आईला चोर कोण म्हणणार?

श्रावणात तुझे कोपरे चिरले. पितृपंधरवड्यापर्यंत ते लाल ओले झाले होते.

आता लिहिते.

बऱ्हाणपूरकरांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. आई सोवळ्यात वडे तळत होती. तांदळाच्या खिरीचं पातेलं आतल्या खोलीत चौरंगावर झाकून ठेवलेलं. मला तेव्हा सारखी भूक लागायची, वखवखल्यासारखी. मी आत गेले, झाकण सरकवलं आणि वरची साय पळीने उचलून हातावर घेऊन खाल्ली. चारोळीसकट. एकदा नाही, तीनदा. मग ओठ परकराला पुसले, झाकण लावलं आणि बाहेर येऊन तुझ्याशेजारी तीळ निवडायला बसले.

पिंडाला खीर घ्यायला आई गेली आणि सायीला भोक दिसलं. पितरांच्या आधी कोणी खाल्लं म्हणजे सगळा स्वयंपाक वाया. ब्राह्मण पाटावर बसलेले, यजमान ताटकळलेले. आईने आपल्या दोघींना मागच्या दारी उभं केलं. आवाज चढवला नाही, बाहेर लोक होते. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग तुझ्या. गोजराबाई मोरीत भांडी घेऊन बसली होती, तीच म्हणाली, "पितरांचं आधी खाल्लं का तोंड आसंच फाटतं, वैनी. लय वाईट खोड हाये."

तू एकदाच म्हणालीस, "नाही मामी, मी नाही खाल्लं."

आई म्हणाली, "तोंडच सांगतंय."

मग तू माझ्याकडे पाहिलंस. आणि मी माझ्या पायांकडे पाहिलं.

चीर आधी होती, रेणू, खीर नंतर. महिनाभर आधी. ज्या घरात सात पिढ्यांच्या तारखा बाडात बांधून ठेवल्या होत्या, त्या घरात ही एक तारीख कोणी पाहिली नाही. आईने दुसरं दूध मागवून खीर पुन्हा केली, चारोळी संपली होती म्हणून बिनचारोळीची. संध्याकाळी मला मोरीत उलटी झाली, आईने माझं कपाळ धरलं, मोरी धुतली, सुंठ-साखर चाटवली. तुझ्याशी कोणी बोललं नाही. आईने तुझ्या अप्पांना पत्र टाकलं आणि चौथ्या दिवशी ते तुला न्यायला आले. बाबा ओसरीवर बाड उघडून बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. तुझी शाळा पाचवीत सुटली ती सुटलीच.

आणि मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आणखी एक सांगते, मग संपवते. दर वर्षी जीवनसत्त्वांचा धडा यायचा. दर वर्षी मी फळ्यावर लिहायची: दूध, पालेभाज्या, कडधान्ये न मिळाल्यास ब जीवनसत्त्वाची कमतरता होते व तोंडाचे कोपरे चिरतात. तीस वेळा लिहिलं आणि तीस वेळा डस्टरने पुसलं. परवा स्वरदा मला म्हणाली, "आजी, त्या मुलीला कदाचित पुरेसं खायलाच मिळत नसेल." मी म्हटलं, "हो का? तेव्हा कुठे कोणाला माहीत असायचं." हे माझं ताजं खोटं, या महिन्यातलं.

तू भुकेली होतीस आणि आम्ही तुला चोर म्हटलं. चोर मी होते.

आईला मात्र दोष देऊ नकोस. तिने जे केलं ते मी फसवलं म्हणून केलं. तिला खरं कधी कळलंच नाही. म्हणून म्हणते, ये. क्षमा कर असं लिहिण्याइतकं धैर्य माझ्यात नाही. जेवायला ये, असं लिहिण्याइतकं आहे.

तुझी मामेबहीण,
उत्तरा


येवला
२३ जानेवारी २०२६

उत्तरे,

पत्र मिळालं. खानावळीत वाचलं, गिऱ्हाईक वाढून झाल्यावर. मला लिहायची सवय नाही, शाळा पाचवीपर्यंतची. तेव्हा थोडक्यात.

खीर तू खाल्लीस हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तीळ निवडताना तू माझ्या सुपात हात घातलास तेव्हा तुझ्या हाताला वेलदोड्याचा वास होता. मी बोलले नाही, कारण बोलून काय झालं असतं? मामीने मला खिरीचीही चोर म्हटलं असतं आणि तिच्या लेकीवर आळ घेणारीही. माझी आई गेलेली होती. तेवढं कळत होतं.

दुधाचं. मला आवडत नाही असं मामासमोर म्हणायला मामीने शिकवलं होतं. चुलीपाशी बसवून दोनदा म्हणवून घेतलं. तू आजारी होतीस, मला पटलंही होतं. तुझ्यावर माझा राग दुधाचा नाही.

तुमच्याकडे जेवले नाही हे तुझ्या लक्षात आलं, बरं वाटलं. मला वाटायचं कोणी बघतच नाही. अगं, घास तोंडाशी नेला की वाटायचं, आता सगळे माझ्या तोंडाकडे बघणार. अजून वाटतं. माझ्या खानावळीत खिरीच्या पातेल्यावर झाकण नसतं. स्टँडवरची माणसं येतात, ज्याला हवी तो वाढून घेतो. बहिरू म्हणून आमचा आचारी आहे, तो म्हणतो, "आक्का, माशा बसतील." मी म्हणते, बसू देत, जाळी घाल, झाकण नको.

रेणूतोंडाचं वाचून मी हसले आणि मग रडले. त्या पोराला सांग, तिला आता माहीत झालं.

आता तुझं विचारणं. तू मला लिहिलंस, ठीक आहे, पण मला तर ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग. मामीला सांग. मामी म्हणाली होती, तोंडच सांगतंय. आता जे तोंडाने म्हणाली ते तिने तोंडाने परत घ्यावं. रेणूने खाल्लं नव्हतं, एवढं तिच्याकडून मला यायला हवं. आलं तर मी येईन आणि पोटभर जेवेन. नाही आलं तर माझी एकादशी आहे असं समज.

ती गेली की मग हे कोणाकडून येणार? तेव्हा वेळ काढू नकोस. पुटपुटू नकोस. तिला कमी ऐकू येतं म्हणतेस, तर मोठ्याने सांग.

कवळी नवी कर. ओठाला जीभ लावू नकोस. मी मुगाचं कढण आणि ताजं लोणी खाऊन बरी झाले होते, येवल्याला परत आल्यावर पंधरा दिवसांत.

रेणुका


इंदिरानगर, नाशिक
१ फेब्रुवारी २०२६

प्रिय रेणू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आल्यावर मी दहा दिवस घेतले नाहीत, सहाच घेतले. त्यातले चार नवी कवळी येईपर्यंत, असं मी स्वतःला सांगत होते. कवळी आली. मलमाने चिरा भरून आल्या. रक्तात लोह कमी निघालं, त्याच्या गोळ्या चालू आहेत. म्हणजे तोंड उघडायला आता कसलंच निमित्त आड येईना. आज रविवार, सगळे घरात. आई दुपारचा वरणभात दोन घास खाऊन पलंगावर उशीला टेकून बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि दार लोटून घेतलं.

म्हटलं, "आई, खीर मी खाल्ली होती."

"काय?"

"खीर मी खाल्ली होती!"

"खीर केली आज? मला नको. जड पडते."

तू म्हणाली होतीस ना, मोठ्याने सांग. मी उठून उभी राहिले आणि वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावं म्हणून ओरडायची तशी ओरडले, "पंचवटीतली खीर! बऱ्हाणपूरकरांच्या श्राद्धाची! रेणूने नाही, मी खाल्ली होती! साय मी मोडली! रेणूला चोर म्हटलं ते माझ्यामुळे!"

लोटलेलं दार काय कामाचं? देवव्रत आला, सून आली, स्वरदा आणि गौरांग दोघं आले. पाटणकरवहिनींच्या खिडकीचीही काच सरकली. अठ्ठावन्न वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असणार. देवव्रत म्हणाला, "आई, काय झालं? कोणती खीर?" मी त्याला सांगितलं. सगळ्यांसमोर, पहिल्यापासून, तुझ्या दुधाच्या पेल्यापासून. गौरांग माझा हात धरून उभा होता. देवव्रत खाली बसला आणि म्हणाला, "आणि आम्ही चाळीस वर्षं त्या बाईच्या नावाने हसतोय." तो शब्द आता या घरात कोणी उच्चारणार नाही, असं त्याने मुलांना तिथेच सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पोरांची तोंडं पडली होती.

आई नुसती माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. मला वाटलं, एवढं करून तिला ऐकूच गेलं नाही. मग ती म्हणाली, "रेणूला लिहिलंस?"

"लिहिलं."

"काय म्हणते?"

मी तुझं पत्र आणून मोठ्याने वाचलं. चुलीपाशी बसवून म्हणवून घेतलं, ते वाक्य गाळावं असं मनात आलं होतं. गाळलं नाही. मला ते ठाऊक नव्हतं, रेणू. ते वाक्य वाचताना मी आईकडे बघू शकले नाही, तिनेही पदर नीट केल्यासारखं केलं. पत्र संपलं तेव्हा तिने सगळ्यांना हाताने बाहेर जायची खूण केली. मला थांबवलं आणि म्हणाली, "चष्मा दे. कागद दे. पेन चांगलं दे, मागचं शाईच देत नव्हतं."

अर्धा तास लागला तिला. हात कापतो, एकेक अक्षर ती मण्यासारखं ओवत होती. मी पाठ धरायला पुढे झाले तर म्हणाली, "तू तिकडे बस." लिहून झाल्यावर स्वतःच चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला. "वाचू नकोस. तिचा आहे. पाकिटात घाल आणि आजच टाक." मग भिंतीकडे तोंड करून निजली. तिचे खांदे हलताना मी पाहिले, जवळ जायचं धाडस झालं नाही.

मी वाचलेला नाही. शपथ घेऊन सांगते, घडीही उलगडलेली नाही. तू मागितलं होतंस तेवढं त्यात असेल अशी आशा आहे. नसेल तर तिच्यावर रागावू नकोस, या वयात एकदम असं कानावर पडणं सोपं नाही. आयुष्यभर जिला चोर समजली ती चोर नव्हती, हे बिचारीला आज कळलं.

आता मी काही मागत नाही. आलीस तर ये. कोणत्याही दिवशी, न कळवता ये. मला वाढू दे. तू जेवत असताना मी तुझ्या तोंडाकडे बघणार नाही, पानाकडे बघेन.

तुझ्याशेजारी उभी राहून जी बोलली नाही, ती
उत्तरा


(सोबतची घडी)

चि. रेणुकेस मामीचे आशीर्वाद.

खीर तू खाल्ली नव्हतीस.

उत्तराला मोरीत उलटी झाली, तिच्यात चारोळ्या होत्या. मला त्याच संध्याकाळी कळलं. तुझ्या अप्पांना पत्र मी दुसऱ्या दिवशी सकाळी टाकलं.

हे उत्तराला मी सांगितलेलं नाही. तू सांगितलंस तर माझी ना नाही.

मामी